गॅस जातो कुठे?

“मॅडम, गॅस संपलाय. भरावा लागेल.”

लागोपाठ तीन उन्हाळे मी हे वाक्य ऐकलं. माणूस दरवर्षी वेगळा, गणवेश तोच, वाक्य तेच. तिन्ही वेळा पैसे दिले. तिन्ही पावत्या माझ्याकडे आहेत आणि तिन्हींवर ‘गॅस चार्जिंग’ या दोन शब्दांपलीकडे काही नाही. कोणता गॅस, किती ग्रॅम, कुठून गळत होता, यातलं एक अक्षर नाही. चौथ्या उन्हाळ्यात मी विचारलं, “संपला म्हणजे गेला कुठे?”

“वापरला की संपतोच ना, मॅडम.”

संपत नाही. एसीतला गॅस वापरून संपत नाही, हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर लिहायला हवं. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो जळून जात नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, बारीक नळीतून सुटताना त्याचा दाब एकदम पडतो, आतल्या कॉइलमध्ये तो खोलीची उष्णता उचलून पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येतो. फेरा बंद आहे. पहिल्या दिवशी जितके ग्रॅम होते तितकेच दहा वर्षांनी असायला हवेत.

पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. तिथला फ्रिज याच तत्त्वावर चालतो, रात्रंदिवस, बारा महिने. त्यात दर एप्रिलला कुणी गॅस भरतं का? माझ्या आईचा फ्रिज सतरा वर्षांचा आहे. एकदाही भरलेला नाही.

मग एसीतूनच का गळतो? कारण फ्रिजचा अख्खा फेरा कारखान्यात डाग मारून बंद होतो. खिडकीत बसणारा जुना एसीही तसाच यायचा. स्प्लिट एसी मात्र अर्धा कारखान्यात बनतो आणि अर्धा तुमच्या घरात. आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडायचं, नळीचं तोंड फुलवायचं, त्यावर पितळी नट आवळायचा. याला फ्लेअर म्हणतात. दोन नळ्यांची मिळून चार तोंडं. गळती बहुतेक वेळा या चारांपैकी एकावर सापडते.

आणि ही चार तोंडं कोण बसवतं? एप्रिलच्या उन्हात दिवसाचं सहावं घर करणारा माणूस. नट किती आवळायचा हे मोजणारा टॉर्क रेंच त्याच्या पिशवीत नसतो, तो हाताच्या अंदाजानं आवळतो. कमी पडला तर गळतो, जास्त झाला तर फुलवलेलं तोंड चिरतं आणि सहा महिन्यांनी गळतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची असते. त्याला किमान पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो वेळ वाचवायला बाहेरच्या, म्हणजे आउटडोअर, युनिटमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. फुस्स आवाज येतो, काम झालं म्हणतात. आत राहिलेली ओल तेलात मिसळते, हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला लागतं.

म्हणजे पहिला बिघाड मशीन बसवायच्या दिवशीच घरात येतो. एसी घेताना आपण आठवडाभर स्टार मोजतो, सवलती पाहतो, तीन दुकानं फिरतो. बसवायला आलेल्या माणसाकडे पंप आहे का, हे मात्र विचारत नाही. विचारा. नसेल तर चहा द्या, परत पाठवा आणि पंप घेऊन या म्हणा.

चौथ्या उन्हाळ्यात मी त्या गणवेशवाल्याला तपासणीचे पैसे देऊन परत पाठवलं आणि आमच्या डोंबिवलीतल्याच एका जुन्या मेकॅनिकना बोलावलं. वय साठीच्या पुढे, आयटीआयमधून शिकलेले, आता मुलाला हाताशी धरून काम करतात. ते आले आणि त्यांनी दाब मोजणाऱ्या गेजला हातही लावला नाही. आधी आतल्या युनिटची जाळी काढून उजेडाला धरली. मग युनिटच्या डोक्यावर आणि हवा येते त्या तोंडाशी थर्मामीटर धरला. मग बाहेरच्या वायरीला टाँग टेस्टर अडकवून अँपिअर पाहिले आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडले. मग गॅलरीत जाऊन आउटडोअरच्या व्हॉल्व्हजवळ वाकले आणि मला हाक मारली.

“ताई, इथं बघा. डाग दिसतोय?”

जाड नळीच्या नटाखाली तेलकट काळा डाग होता, रुपयाएवढा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस सुटतो तिथं तेल झिरपतं, तेलावर धूळ बसते. गळती स्वतःची खूण ठेवून जाते. मेकॅनिककाकांनी त्यावर साबणाचा फेस लावला. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगायला लागले.

तीन वर्षं आधीच्या तिघांनी या डागापासून चार बोटांवर गेजची नळी लावली होती. तिघांच्या डोळ्यांसमोर तो होता. मला राग आला तो याचा. पैशांचा राग नंतर आला.

काकांनी उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, खराब तोंड कापलं, नवं फुलवलं, रेंचनं मोजून आवळलं. नळ्यांत नायट्रोजन भरला आणि अर्धा तास गेजच्या काट्याकडे बघत बसून राहिले. काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप, पुन्हा अर्धा तास. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. नेमप्लेटवर लिहिलेलं वजन पुरं होईपर्यंत ग्रॅमग्रॅमनं गॅस सोडला. आले तेव्हा दहा वाजले होते, निघाले तेव्हा एक. बिल आधीच्या एका फेरीपेक्षा चारशे रुपये जास्त आणि तीन फेऱ्यांच्या निम्म्याहून कमी.

शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. बिल पाहून त्या म्हणाल्या, “बदललं तर काहीच नाही, मग एवढे पैसे कशाचे?”

माझ्या मते सगळा रोग या प्रश्नात आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. डॉक्टरनं तपासून “काही नाही, ताक प्या” म्हटलं तरी फी गुपचूप ठेवतो. मेकॅनिकनं पाऊण तास शोधून सैल झालेली एक वायर आवळली आणि पाचशे मागितले, तर आपण दारात वाद घालतो. त्याच माणसानं कॅपॅसिटर, पीसीबी, गॅस अशी तीन नावं घेतली की चार हजार मुकाट्यानं देतो. वीस वर्षं अशी वागणूक मिळालेला माणूस काय शिकेल? तो नावं घ्यायला शिकला. त्याची लबाडी मी माफ करत नाही. पण प्रामाणिक मेकॅनिकचं पोट भरायचं असेल, तर त्याच्या तीन तासांना किंमत द्यावी लागेल. फोनवरच सांगा: तपासणीचे पैसे वेगळे देईन, काही बदलायला लागलं नाही तरी देईन, पण बिघाड मला डोळ्यांनी दाखवा. या एका वाक्यानं बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

पुण्याला माझ्या मावसभावाकडे गेल्या मे महिन्यात असंच झालं. जुना, साधा, बिनइन्व्हर्टरचा दीड टनी एसी. बाहेरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर घुमतोय, दहा-पंधरा सेकंदांत खट्ट करून बंद पडतोय. पहिल्यानं सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, चौदा हजार. दुसऱ्यानं पॅनेल उघडलं, कॅपॅसिटर काढला, मीटरवर मोजला. त्यावर पन्नास मायक्रोफॅरड छापलेलं, मीटर एकवीस दाखवत होता. काही शे रुपयांचा तो डबा बदलला आणि कॉम्प्रेसर उठला. कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरुवातीला आणि चालतानाही आधार लागतो, तो कॅपॅसिटर देतो. उन्हाळ्यात तो तापून कमजोर होतो, कधी वरून फुगतो. ज्या माणसाकडे मायक्रोफॅरड मोजणारा मीटर नाही, त्याला “कॉम्प्रेसर गेला” म्हणायचा अधिकार नाही. आणि तुम्ही स्वतः त्या डब्याला हात लावू नका. मेन स्विच बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते, ती झटका देते.

मेकॅनिकला फोन करण्याआधी घरातल्या माणसानं पाच मिनिटं द्यावीत. रिमोटवर मोड कोणता आहे ते पाहा. लहान मुलाच्या हातून तो ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’वर गेलेला असतो आणि मेकॅनिक तेवढ्यासाठी येऊन पैसे घेऊन जातो. जाळी काढा. मुंबई-पुण्याच्या रस्त्यालगतच्या घरात ती दोन आठवड्यांत भरते. जाळी बंद झाली की आतल्या कॉइलवरून हवा जात नाही, कॉइल गोठतं, त्यावर बर्फ धरतो. बर्फ पाहून घाबरू नका आणि तो सुरीनं खरवडू तर मुळीच नका, कॉइलला भोक पडेल. एसी बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ वितळू द्या, जाळी धुवा. तरी पुन्हा बर्फ आला, तर गॅस कमी असण्याची शंका घ्या. क्रम हाच. आधी हवा, मग गॅस.

एसी बंद करून लगेच चालू केला आणि थंड हवा आली नाही, तर तीन मिनिटं थांबा. नळ्यांमधला दाब सारखा होईपर्यंत कॉम्प्रेसरला उठता येत नाही, म्हणून मशीन स्वतःच थांबून राहतं. एमसीबी पडत असेल तर एकदा वर करा. दुसऱ्यांदा पडली की हात लावू नका. आणि प्लगकडे बघा. तो पिवळा-तपकिरी झाला असेल, जळका वास येत असेल, तर सॉकेट आतून सैल झालंय. तिथं आधी वायरमन हवा.

दहा रुपयांचाही खर्च नसलेली आणखी एक तपासणी आहे, ती किनारपट्टीवरच्या लोकांसाठी. विलिस कॅरियरनं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी एसीचं यंत्र आखलं, ते माणसाला गार वाटावं म्हणून नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून. हवेतली ओल काढणं हे एसीचं पहिलं काम. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत दमट दिवसात दीड टनी एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. म्हणून तासभर एसी चालवा आणि बाहेरच्या ड्रेन पाइपाखाली बादली ठेवा. पाणी आलं तर मशीन काम करतंय. बाहेर थेंब नाही आणि आत भिंतीवरून ओघळ येतोय, तर पाइप शेवाळानं तुंबलाय किंवा युनिट उलट्या बाजूला कललंय. गॅसशी त्याचा संबंध नाही. बाहेरही थेंब नाही आणि आतही नाही, खोली मात्र चिकट, तेव्हा बोलवा मेकॅनिकला.

आता विदर्भ.

माझी आई नागपूरला असते. मे महिन्यात तिचा फोन येतो, “एसी बिघडला गं, सव्वीसच्या खाली येतच नाही.” बाहेर पंचेचाळीस. हा बिघाड नाही. आपल्याकडे एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतकी उष्णता, तासाला बारा हजार बीटीयू, साडेतीन किलोवॉटच्या आसपास. हा आकडा पस्तीस अंशांचा आहे. बाहेर पंचेचाळीस झाले की उष्णता टाकायला जागाच तापलेली असते, मशीनची ताकद कमी होते आणि त्याच वेळी गच्चीचा स्लॅब वरून भाजत असतो. अशा दिवशी रिमोट सोळावर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर बंद असतो, सोळा म्हणा नाहीतर चोवीस. आईच्या गच्चीवर मी हिरवी जाळी बांधली आणि आउटडोअरवर सावली धरली, पण समोरून आणि मागून हवा मोकळी ठेवली. खोली दोन अंशांनी उतरली. त्याच आठवड्यात तिला एकानं “गॅस टॉप-अप” सुचवला होता. मोजून भरलेल्या मशीनमध्ये वरून गॅस ओतला की दाब वाढतो, वीज जास्त खाते आणि थंडावा उलट घटतो. सत्तरीच्या बाईला हे विकायला आलेल्या माणसाला आईनं परत पाठवलं, याचा मला अभिमान वाटतो.

चोवीसचा विषय निघालाच आहे तर सांगते. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टारवाल्या घरगुती एसीत कारखान्यातूनच चोवीस अंश लावून येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानं दर अंशाला वीज साधारण सहा टक्के वाचते. चोवीस आणि डोक्यावर मंद पंखा. मशीनवर ताण कमी, बिघाडही कमी.

इन्व्हर्टर एसीचं दुखणं वेगळं. त्यात बाहेरच्या युनिटमध्ये पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड असतो, कॉम्प्रेसरचा वेग तोच सांभाळतो. आपल्याकडे पावसाळ्यात पाल उबेला त्या डब्यात शिरते, दोन टोकांवर आडवी होते, शॉर्ट होऊन मरते आणि बोर्डही घेऊन जाते. कंपनीचा माणूस म्हणतो, पूर्ण बोर्ड बदला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे लोक आहेत. ते भिंग लावून बघतात, फ्यूज, रिले किंवा व्हेरिस्टर बदलतात आणि बोर्ड पुष्कळदा जिवंत होतो. प्रत्येक वेळी होईल असं नाही, मुख्य मॉड्यूल जळलं असेल तर खर्च मोठाच. पण वॉरंटी संपलेली असताना आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये पोर्टल काढलं. पालीला अडवणाऱ्या बारीक जाळीसाठी मात्र कुठल्याच पोर्टलची वाट पाहावी लागत नाही. वायर जाते त्या भोकाला ती लावून घ्या.

नाल्याजवळ, खाडीजवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. घरातली चांदीची निरांजनं, ताम्हन, देवाची भांडी आठ-पंधरा दिवसांत काळी पडतात का? पडत असतील तर हवेत गंधकाचा वायू आहे, कुजणाऱ्या सांडपाण्यातून येणारा. तोच वायू तांब्याचं कॉइल खातो. दोन-तीन वर्षांत कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि कितीही निष्णात माणसानं डाग मारला तरी आठवड्यात शेजारी नवं भोक पडतं. तिथं मेकॅनिकशी भांडून उपयोग नाही. नवं घेताना संरक्षक लेप दिलेलं कॉइल मागा आणि महानगरपालिकेकडे त्या नाल्याची तक्रार अख्ख्या इमारतीच्या सह्यांनी करा. नाला साफ न करणाऱ्या यंत्रणेचं बिल घरोघरी कॉइलच्या रूपात भरलं जातंय आणि ते कुणी मोजत नाही.

आता ज्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते.

आमच्या समोरच्या उंच इमारतीत आउटडोअर युनिटं एका अरुंद शाफ्टमध्ये एकावर एक लावलीत. बाहेरून दिसू नयेत म्हणून पुढे लूव्हर. खालच्या मजल्याची गरम हवा वरच्या मजल्याच्या युनिटमध्ये शिरते, त्याची त्याच्याही वरच्यात, आणि बाराव्या मजल्यावरचं मशीन दर दुपारी ट्रिप होतं. हा दोष मशीनचा नाही, नकाशाचा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे त्या शाफ्टमध्ये उभं राहायला जागा नाही. बाविशीतला मुलगा एक पाय खिडकीच्या कठड्यावर, एक पाय लोखंडी ब्रॅकेटवर ठेवून आउटडोअर उघडतो. ब्रॅकेट गंजलेलं. कमरेला पट्टा नाही. खाली बारा मजले.

याच सोसायटीच्या फाटकावर त्या मुलाचं नाव, मोबाइल, ओळखपत्र, फोटो, येण्याची वेळ सगळं नोंदवून घेतात. पट्टा आहे का, हे त्या वहीत लिहायला रकाना नाही. एक रकाना वाढवा. पट्टा नसेल तर आत सोडू नका आणि सोसायटीनंच दोन चांगले पट्टे आणि दोर विकत घेऊन ऑफिसात ठेवा. गच्चीवर दोर अडकवायला पक्की कडी बसवा. गणपतीच्या मांडवाला आपण जितकी वर्गणी काढतो, तिच्या एका कोपऱ्यात हे सगळं बसतं. आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही खिडकीत उभे असाल तर “जरा लवकर करा हो” हे वाक्य गिळा.

आणखी एक जीवघेणी सवय आहे. गळती शोधायला नळ्यांत नायट्रोजन भरायचा असतो. नायट्रोजनचा सिलिंडर नसला की वेल्डिंगचा ऑक्सिजन भरणारे लोक आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. अशानं माणसं मेलीत. सिलिंडरवरचं नाव वाचा. ऑक्सिजन दिसला आणि तो नळीला जोडला जात असेल, तर काम थांबवा, ओरडा, मेन बंद करा. तसंच आर-२२ गॅसच्या जुन्या मशीनमध्ये “हा पण चालतो” म्हणून दुसरा कुठलाही गॅस भरू देऊ नका. आर-२९० म्हणजे प्रोपेन, चटकन पेटणारा. तो त्याच्यासाठी बनवलेल्या मशीनमध्येच सुरक्षित. आर-३२ सुद्धा थोडा ज्वलनशील आहे. नेमप्लेटवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. तेच नाव, तेच वजन.

आणि तो सुटलेला गॅस. माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. तो जातो कुठे? आकाशात. आर-२२ मध्ये क्लोरीन आहे, तो ओझोनचा थर विरवतो. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याला हळूहळू हद्दपार केलं आणि आपल्या देशात २०२४ संपल्यापासून नव्या यंत्रांत तो भरणं बंद झालं. त्याच्या जागी आलेला आर-४१० ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो. एक किलो सुटला तर दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आर-३२ त्याच्या साधारण एक-तृतीयांश. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनं हे गॅसही कमी करायचं ठरवलं, भारतानं २०२१ मध्ये तिला मंजुरी दिली. माझ्या मशीनमध्ये आर-३२ आहे. दरवर्षी अर्धा किलो गळला असं धरलं तरी तीन उन्हाळ्यांत माझ्या गॅलरीतून एक टन कार्बन डायऑक्साइडइतका ताप वर गेला. एका न आवळलेल्या नटातून. मी चोवीसवर एसी ठेवून जे वाचवलं, ते त्या नटानं केव्हाच उधळलं.

केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट २०२२-२३ पर्यंतचं होतं. तुमच्या दारात आलेल्या माणसाला विचारा, प्रमाणपत्र आहे का? अपमान म्हणून विचारू नका. ज्याच्याकडे असेल तो अभिमानानं दाखवतो, काकांच्या मुलानं मोबाइलमध्ये लगेच दाखवलं. आणि त्याला दोनशे रुपये जास्त द्या.

पावती घ्याच. पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. पावतीवर बिघाड काय होता, कुठे होता, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे लिहून घ्या. लिहायला का-कू झाली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्यानं उच्चारा. आणि सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करा. एप्रिलमध्ये त्या माणसाला जेवायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात काम नसतं. त्याच्या रिकाम्या महिन्यांत बोलावलंत तर तो तुमच्या गेजच्या काट्याकडे अर्धा तास बघत बसू शकेल.

काका जाताना एक गोष्ट करून गेले, जी मी कधी पाहिली नव्हती. मुलाकडून काळा मार्कर घेतला आणि आउटडोअरच्या पत्र्यावर तारीख, गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिले. “पुढचा कुणी आला तर त्याला कळू दे,” म्हणाले.

त्याला दोन पावसाळे झाले. परवा गॅलरीत कपडे वाळत घालताना वाकून पाहिलं. अक्षरं फिकी झालीत, पण वाचता येतात. त्याखाली दुसरी तारीख नाही.